दिसायला चकाचक, खाली गळकं: बाथरूमच्या कामाचा आमचा अनुभव

माझी आई ८४ वर्षांची आहे. तिच्यासाठी बाथरूम नीट करून घ्यायची होती, या कामाचं मूळ कारण एवढंच. जुन्या फरश्या झिजून गुळगुळीत झाल्या होत्या, खाली बसायचा संडास तिच्या गुडघ्यांना झेपत नव्हता आणि उठताना धरायला भिंतीला काही नव्हतं. आम्ही पुण्याजवळ नवी सांगवीत राहतो, इमारत १९९६ची, आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. बाथरूम-संडास एकत्र, साडेचार बाय सात फूट. म्हणजे काम काही राजवाड्याचं नव्हतं.

कंत्राटदाराचं नाव इथे लिहीत नाही, कारण उरलेल्या पैशांचा प्रश्न अजून मिटलेला नाही. पण कामाचं परीक्षण पूर्ण लिहितो, कारण असं काम आणखी कुणाच्या म्हाताऱ्या माणसाच्या वाट्याला येऊ नये. मी स्वतः एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेत बॉडी शॉपला बत्तीस वर्षं काम केलं. पत्रा, रिव्हेट, सांधा यांत आयुष्य गेलं. हाताने काम करणाऱ्या माणसाशी घासाघीस करायला मला आवडत नाही आणि त्याच्या डोक्यावर उभं राहायलाही आवडत नाही. या वेळी तेच नडलं.

तो आमच्याच सोसायटीतल्या एकांच्या ओळखीतून आला. वय पस्तिशीच्या आसपास, बोलायला गोड. मोबाइलवर वीस-पंचवीस बाथरूमचे फोटो दाखवले. सगळ्या सुंदर होत्या. आज मागे वळून बघताना वाटतं, मी त्याला एकच प्रश्न विचारायला हवा होता: यातली सर्वांत जुनी कोणती, आणि ती मला बघायला मिळेल का? तो मी विचारला नाही. त्याने एका पानावर अंदाजपत्रक दिलं. जुनी फरशी व कोबा (फरशीखालचा विटांच्या तुकड्यांचा थर) काढून वॉटरप्रूफिंग, खाली खरबरीत टाइल, भिंतीला सात फुटांपर्यंत टाइल, गरम पाण्याला सीपीव्हीसी, म्हणजे उष्णता सोसणारे पाइप, कमोड, नळ, दोन आधाराचे दांडे, राडारोडा उचलण्यासकट मजुरी-साहित्य मिळून १,४२,०००. टाइल चिकटवायच्या पावडरीची आठ पोती वेगळी लिहिलेली होती. हे पान मी जपून ठेवलं, पुढे तेच कामाला आलं. वॉटरप्रूफिंग म्हणजे कोणतं, किती थर, त्याची तपासणी कशी, यातलं मात्र त्यावर काहीच नव्हतं.

२०२४च्या फेब्रुवारीत काम सुरू झालं आणि अकरा दिवसांत संपलं. त्यातले चार दिवस मी, बायको आणि आई मुलीकडे नाशिकला होतो, कारण घरात बाथरूमच नव्हती. नेमकी त्या चार दिवसांत खालची फरशी झाली. फोनवर त्याने फोटो पाठवला: पोत्यांत भरलेला राडारोडा. "काका, खोदून झालं, टेन्शन घेऊ नका." मी पाहिलं आणि मानलं. तो राडारोडा भिंतीच्या टाइलचा आणि जुन्या संडासाच्या ओट्याचा होता, हे मला मे महिन्यात कळलं.

परत आलो तेव्हा बाथरूम चकचकीत होती. आईने दारात उभं राहून हात जोडले. मी तिसरा हप्ता दिला. एकूण १,३२,००० गेले, १०,००० राखून ठेवले.

पहिल्या आंघोळीलाच पाणी बाहेर पॅसेजमध्ये आलं.

बाथरूमची जमीन बाहेरच्या जमिनीपेक्षा इंचभर तरी खाली हवी आणि तिला पाणी वाहून जाण्याच्या जाळीकडे ढाळ हवा, मीटरला साधारण एक सेंटिमीटर. आमच्याकडे आधी दीड इंचाचा फरक होता. नव्या कामानंतर मी पट्टी लावून मोजलं तर उंबऱ्याच्या आत जेमतेम दोन सूत, म्हणजे पाव इंच, उरलं होतं. लेव्हलची नळी नव्हती म्हणून मी सरळ गोट्या आणल्या आणि पाच ठिकाणी सोडल्या. तीन गोट्या दाराकडे गेल्या, एक कमोडच्या मागे जाऊन थांबली, एकच जाळीकडे गेली. जमीन वर का आली, हा प्रश्न मी त्याला तेव्हाच विचारला. "काका, वॉटरप्रूफिंगचा थर जाड दिलाय तुमच्यासाठी." हे उत्तर मला पटलं होतं, हे लिहिताना आजही वाईट वाटतं.

त्याने माणूस पाठवून उंबऱ्यावर आणखी एक काळी ग्रॅनाइटची पट्टी चिकटवली. पाणी बाहेर यायचं थांबलं. आता ते आत साचू लागलं, आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला पाय उचलून ओलांडायला एक अडथळा तयार झाला. ज्या कारणासाठी काम काढलं त्याच्याच उलट.

मग मी नाण्याने टाइल वाजवून बघितल्या. दहा रुपयांचं नाणं घ्यायचं आणि प्रत्येक टाइलच्या चार कोपऱ्यांवर आणि मध्ये हलकेच ठोकायचं. मागे पूर्ण भरलेली टाइल खणखणीत वाजते, पोकळ असली की बद्द आवाज येतो, तडा गेलेल्या मडक्यासारखा. भिंतीच्या जवळजवळ निम्म्या टाइल कोपऱ्यांत बद्द वाजल्या. पाठीमागे पाच गोळे लावून दाबून बसवलेल्या होत्या. मधे गोळा, चार बाजूंना चार, बाकी हवा. आमच्यासारखी व्हिट्रिफाइड, म्हणजे घट्ट काचेसारखी भाजलेली टाइल पाणी जवळपास शोषतच नाही. म्हणून जुन्या पद्धतीने सिमेंटच्या पातळ घोळावर ती धरत नाही, तिला चिकटवायची पावडर लागते आणि ती दात्यांच्या थापीने पाठभर ओढावी लागते. वीस किलोच्या पोत्यात साधारण चाळीस-पन्नास चौरस फूट होतं. आमच्या भिंती आणि जमीन मिळून पावणेदोनशे चौरस फूट. जिन्याखाली ठेवलेल्या कचऱ्यात मी रिकामी पोती मोजली होती. तीन. पैसे आठांचे.

आणि आधाराचा दांडा. हे लिहिताना माझा हात थरथरतो. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी सहा वाजता आई कमोडवरून उठायला लागली, दांडा धरला आणि तो भिंतीसकट नव्हे, नुसता टाइलच्या तुकड्यासकट तिच्या हातात आला. ती मागे परत कमोडवरच बसली म्हणून वाचली. पुढे पडली असती तर समोर वॉशबेसिनची कड होती. सव्वा इंचाचे स्क्रू, प्लास्टिकची गट्टी, आणि ती गट्टी विटेत नाही, टाइलच्या मागच्या पोकळीत. ज्याने तो दांडा बसवला त्याला तो कुणासाठी आहे हे माहीत होतं. आई त्या दिवशी त्याच्यासाठी चहा घेऊन गेली होती.

फोन केला. "उद्या माणूस पाठवतो." चार दिवसांनी माणूस आला, मोठी गट्टी ठोकून गेला. दुसरा दांडाही मी हलवून बघितला, तोही डुलत होता. तेव्हापासून बायको आईबरोबर आत जाऊ लागली.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात खालच्या वहिनी वर आल्या. त्यांच्या बाथरूमच्या छताला ओल आली होती, रंगाचे पापुद्रे निघत होते आणि एका कोपऱ्यातून थेंब पडत होता. कंत्राटदाराने आधी सांगितलं, "बाहेरच्या भिंतीतून पाणी येत असेल." मे महिना, पावसाचा थेंब नाही. मग म्हणाला, खालच्यांचीच लाइन असेल. मग म्हणाला, जुनी बिल्डिंग आहे.

मी कार्यशाळेत शिकलो ते असं की गळती शोधायची तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आम्ही चार दिवस ती बाथरूम पूर्ण कोरडी ठेवली, समोरच्या घरी आंघोळीला जात होतो (त्या माणसांचे उपकार मी विसरणार नाही). नळांच्या पाइपात पाणी चालू ठेवलं, फक्त वापर बंद. दुसऱ्या दिवसापासून थेंब मंदावला, चौथ्या दिवशी थांबला. म्हणजे भिंतीतल्या दाबाच्या पाइपांचा दोष नव्हता, कारण ते चोवीस तास भरलेलेच होते. पाचव्या दिवशी जाळीला कापडाचा बोळा कोंबून फरशीवर दोन बादल्या पाणी ओतलं. कमोड वापरला नाही, नळ सोडला नाही. साडेपाच तासांनी खाली थेंब सुरू झाला. मी त्याचा व्हिडिओ काढून कंत्राटदाराला पाठवला. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर आलं नाही.

दोन दिवसांनी त्याने टाइल बसवणाऱ्या मुलालाच पाठवलं, पांढरं सिमेंट आणि सिलिकॉनची नळी घेऊन. सांध्यांतून भरून टाक, म्हणून. मुलगा विशी-बाविशीचा. मी त्याला शांतपणे विचारलं, खालचा कोबा काढला होता का? तो खाली बघत राहिला. मग म्हणाला, "नहीं चाचा. शेठ बोले पुराने के ऊपर ही डाल दो, दो दिन में खतम करना था." त्याला मजुरी चौरस फुटावर मिळत होती, आणि पुढचं काम वाकडला उभं होतं. त्या मुलावर माझा राग नाही. त्याचे सांधे सरळ होते, टाइलचे काप स्वच्छ होते, जाळीभोवती कापलेला गोल तर फारच देखणा होता. त्याच्या हातात कला आहे, त्याला ती वापरू देणारा मालक भेटलेला नाही. त्या दिवशी मी त्याच्याकडून सिलिकॉन लावून घेतलं नाही, जेवू घातलं आणि परत पाठवलं.

टाइलवर टाइल लावणं ही मुळात फसवणूक नाही, तेही सांगायला हवं. कोरड्या भिंतीवर, जुनी टाइल घट्ट असेल आणि पावडर योग्य असेल तर चांगले कारागीरही तसं करतात. पण आमच्याकडे २८ वर्षांच्या जुन्या कोब्यावर, वॉटरप्रूफिंगचे पैसे घेऊन, त्याला हातही न लावता वर नवी फरशी टाकली होती. त्यातच नव्या कमोडची लाइन काढायला जुना थर एका जागी फोडला आणि तिथे नुसतं सिमेंट भरलं. पाणी तिथूनच उतरत होतं.

मग सगळं फोडून पुन्हा करायचं ठरवलं. हे दुसरं काम ज्यांनी केलं ते गवंडी पन्नाशीचे, मूळ बीडकडचे, आता पिंपळे गुरवला राहतात. यांच्याबद्दल सविस्तर लिहितो. आले तेव्हा त्यांनी आधी वर काही बघितलंच नाही, खालच्या घरात जाऊन छत बघितलं. किती वर्षांत खाली ओल कधी कधी आली होती, ते वहिनींना विचारलं. मग वर येऊन मला म्हणाले, "साहेब, मी स्वस्तात करून देतो म्हणणार नाही. स्लॅबपर्यंत जावं लागेल. आणि पाणी भरून ठेवल्याशिवाय मी टाइल लावणार नाही, तुम्ही कितीही घाई केली तरी." मी त्यांना त्याच क्षणी होकार दिला.

तीन दिवस फोडकाम. नवी टाइल, तिच्याखाली जुनी फरशी, तिच्याखाली विटांच्या तुकड्यांचा कोबा. तो ओल्या मातीसारखा झाला होता, हाताने दाबला की पाणी सुटत होतं. गरम पाण्याच्या लाइनचा शेवटचा दोन फुटांचा तुकडाही निघाला. बाकी लाइन पिवळसर सीपीव्हीसीची, हा तुकडा थंड पाण्याच्या साध्या पांढऱ्या पाइपचा. गीझरचं पाणी त्यातून जाणार होतं. तो पाइप उष्णतेने मऊ पडतो, आज नाही तर दोन वर्षांनी भिंतीतच सुटला असता. तो तुकडा मी धुऊन ठेवला आहे.

स्लॅब उघडा पडल्यावर त्यांनी तो तारेच्या ब्रशने घासला, धुतला, दोन दिवस वाळू दिला. भिंत आणि जमीन जिथे मिळते त्या काटकोनात सिमेंटची गोलाई केली, त्याला ते वाटा म्हणतात. काटकोनात थर ताणला जाऊन फाटतो म्हणून ही गोलाई. पाइप जिथे स्लॅबमधून जातो तिथे भोवती खाच करून न आकसणारा मसाला भरला. मग वॉटरप्रूफिंगचा पहिला थर एका दिशेने ब्रशने, कोपऱ्यांत जाळीची पट्टी, तो सुकल्यावर दुसरा थर आडव्या दिशेने. भिंतीवर हा थर फूटभर वर, आंघोळीच्या बाजूला पाच फुटांपर्यंत. सगळ्या पाइपांना पंपाने दाब देऊन रात्रभर दाबमापकाचा काटा हलतो का ते पाहिलं. काटा हलला नाही.

आणि मग पाणी. जाळीच्या तोंडाला बूच, दारात वाळूच्या पोत्यांवर मसाल्याचा छोटा बांध, आत तीन इंच पाणी. भिंतीवर पेन्सिलीने पातळीची खूण केली, तारीख घातली. अठ्ठेचाळीस तास. ते रोज संध्याकाळी दुसरीकडचं काम आटोपून यायचे, खाली छत बघायचे, वर खूण बघायचे आणि जायचे. मीही रात्री दोनदा उठून गेलो. तिसऱ्या दिवशी खालचं छत कोरडं, पाणी खुणेच्या केसभर खाली, बाष्पाने गेलं असेल तेवढंच. कोबा आणि ढाळ झाल्यावर हेच सगळं पुन्हा चोवीस तास केलं.

टाइल बसवताना त्यांनी मला बोलावून एक बसवलेली टाइल लगेच उचलून दाखवली. पाठ पूर्ण ओल्या पावडरीने माखलेली. "दर दहावी मी उचलून बघतो," म्हणाले. दांड्यासाठी त्यांनी जागा आधी आईला विचारली. खुर्ची ठेवून तिला बसवलं, उठायला सांगितलं, आणि तिचा हात आपोआप जिथे गेला तिथे खूण केली. पहिल्या कंत्राटदाराने दांडा सगळीकडे लावतात त्या उंचीवर लावला होता, आईच्या खांद्याच्या वर. आता तो बाहेरच्या नऊ इंची भिंतीत आहे, मागे पोकळी नाही, लांब फास्टनर. मी त्याला लोंबकळून बघितलं. माझं वजन ७२ किलो.

एकोणीस दिवस लागले, १,५५,००० खर्च आला. बांधकाम संपल्यावर त्यांनी स्वतःच सांगितलं की शेवटचे २०,००० एक महिना वापरून झाल्यावर द्या. पाचपैकी पाच. तक्रार एकच, फोन उचलत नाहीत. कामावर असताना उचलतच नाहीत.

आता पैशांचं. खालच्या छताचा रंग आणि गिलावा आम्ही करून दिला, ९,००० लागले. सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून पावसाचं पाणी गळून नुकसान झालं तर ती सोसायटीची जबाबदारी असते, पण घरातल्या संडास-मोरीची गळती ही त्या सभासदाची. तशीही वहिनींची त्यात काय चूक? पहिल्या कंत्राटदाराला मी जून महिन्यात लेखी पत्र पाठवलं, स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. सोबत अंदाजपत्रकाची प्रत, दिलेल्या पैशांच्या बँक नोंदी, व्हिडिओतले फोटो आणि एका स्थापत्य अभियंत्याकडून फोडकामाच्या वेळीच लिहून घेतलेला पानभर अहवाल. तो अहवाल फोडण्याआधी आणि फोडताना घेतला हे फार बरं झालं, नंतर दाखवायला काही उरत नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे हे सेवेतल्या त्रुटीचं प्रकरण होतं. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि आपण कामासाठी दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. वकील करायलाच हवा असंही नाही.

पत्रानंतर त्याचा फोन आला. आवाज बदललेला होता. दोन वेळा मिळून ४५,००० परत दिले. उरलेल्याला "बघू" म्हणतो आहे. तक्रारीचा मसुदा मी तयार करून ठेवला आहे, आयोगात जाणार आहे.

पण मला त्याच्याकडून पैशांपेक्षा दुसरी एक गोष्ट हवी आहे आणि ती मी त्याला तीनदा लिहून कळवली आहे. त्याच्या कामाच्या फोटोंमध्ये आमची बाथरूम अजून आहे. करडी टाइल, नवा कमोड, चकाकणारा दांडा, वर लिहिलंय 'ज्येष्ठांसाठी सुरक्षित बाथरूम'. तो फोटो काढून टाकावा. त्यातल्या टाइल जूनमध्ये पोत्यांत भरून गेल्या, तो दांडा माझ्या आईच्या हातात आला होता, आणि तो फोटो बघून उद्या कुणीतरी आपल्या आईसाठी त्याला फोन करणार आहे.